माणसाला ‘माण’ करणारा फिल्टर

ऑनलाइन गेमच्या चॅटमधल्या शिव्या थांबवायच्या म्हटलं की पहिली सूचना ठरलेली: शब्दांची यादी करा, दिसला शब्द की त्याच्या जागी चांदण्या (***) टाका. यादी लागतेच, तिला मी नावं ठेवत नाही. पण नुसत्या यादीच्या जोरावर खेळाडूला शिक्षा करणं मला साफ नामंजूर आहे. का, ते मराठीतच बघा.

यादीत ‘साला’ टाकला. फिल्टर अक्षरांचे तुकडे शोधणारा असेल तर ‘त्या माणसाला मागून घेरा’ यातला माणूस अर्धा गायब. ‘पावसाला’चंही तेच. दुखणं जुनं आहे: १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पच्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक शिवी दडलेली होती.

बरं, पूर्ण शब्द जुळला तरच पकडायचं ठरवलं तर विभक्ती आडवी येते. ‘गाढव’ सापडतो, ‘गाढवाला’ आणि ‘गाढवांनो’ निसटतात. ‘कुत्रा’चं तर ‘कुत्र्या’ होतं, मूळ रूपच मोडतं. म्हणून प्रत्येक शब्दाचं सामान्यरूप वेगळं नोंदवायचं आणि त्याला लागणाऱ्या प्रत्ययांची छोटी यादी जोडायची. शब्दाची हद्द ओळखायला रेग्युलर एक्सप्रेशनच्या (मजकुरात ठरावीक साचा शोधायच्या सूत्राच्या) तयार खुणेवर विसंबू नका. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या, अशी सूत्रं चालवणाऱ्या मूळ ‘रे’ मॉड्यूलला काना-वेलांटी शब्दाचा भागच वाटत नाही, त्यामुळे शब्दाच्या मधोमध हद्द पडते.

तपासणीसाठी मेसेजची वेगळी प्रत करा. तिच्यावर आधी युनिकोडचं एनएफकेसी (एकाच अक्षराची वेगवेगळी संगणकीय रूपं एकसारखी करणारी प्रक्रिया), मग अदृश्य अक्षरं काढणं, मग दिसायला सारखी अक्षरं एक करणं. सिरिलिक (रशियन लिपीतला) ‘ए’ आणि रोमन ‘ए’ डोळ्यांना एकच, पण एनएफकेसी त्यांना एक करत नाही. त्यासाठी तक्ता वेगळा लागतो. ‘साााला’सारखी ताणलेली अक्षरं आखडायची, पण तीन किंवा जास्त असतील तरच. दोनावर आखडलीत तर ‘ममता’ची ‘मता’ होईल. आणि हे सगळं प्रतीवरच! मूळ मेसेजमधून अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह काढलंत तर कित्येक कीबोर्डवरून आलेलं ‘दुसऱ्या’ पडद्यावर ‘दुसर्या’ दिसतं, आणि शिवी न देणाऱ्याचंच मराठी बिघडतं.

एकेक अक्षर वेगवेगळ्या मेसेजमध्ये टाकणारे महाभाग असतातच. प्रत्येक खेळाडूचे शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांतले सात-आठ मेसेज जोडूनही तपासा.

चांदण्या कोणाला दिसाव्यात? वाचणाऱ्याला, आणि त्याने फिल्टर चालू ठेवला असेल तरच. चार दोस्त आपसात खेळताना काय बोलतात यात गेमने नाक खुपसायचं कारण नाही. पाठवणाऱ्याला त्याचा मूळ मजकूर दिसू द्यावा; चांदण्या दिसल्या की तो पळवाट शोधत बसतो.

शिक्षेचं गणित पूर्ण वेगळं. ‘अरे साल्या, काय नेम आहे!’ ही दाद आहे. ‘तू गेम काढून टाक’ यात एकही शिवी नाही, पण एकाच खेळाडूला सामनाभर दहा वेळा म्हटलं की तो छळ. बघायचं ते हे: कोणाला उद्देशून, किती वेळा, समोरच्याने थांब म्हटल्यावरही का. यादी यातलं काहीच सांगू शकत नाही. ती फार तर तपासणाऱ्यापुढे प्रकरण ठेवू शकते. त्याला तक्रारीच्या ओळीआधीच्या आणि नंतरच्या वीसेक ओळी दाखवा, तक्रारदाराच्या ओळींसकट. डिवचणारा बऱ्याचदा तिथेच सापडतो. पाच जणांच्या ठरलेल्या गटाने मिळून केलेल्या पाच तक्रारी एकच धरा.

दोषी ठरला तर आधी चॅट बंद करा, खेळ नव्हे. आणि नोटिशीत त्याचं स्वतःचं वाक्य तारीख-वेळेसह छापा. ‘नियमभंग झाला आहे’ एवढंच वाचून कोणाला काही कळत नाही, फक्त राग येतो.

चॅटच काढून टाकण्याचा मार्गही आहे. लीग ऑफ लेजंड्स या सांघिक गेमने २०२१ मध्ये मॅचमेकिंगच्या (गेमच खेळाडू जुळवतो त्या) सामन्यांतलं एका संघाचं दुसऱ्या संघाशी होणारं चॅट बंद केलं. मला ते पटतं; प्रतिस्पर्ध्याशी बोलण्यावाचून खेळ अडत नाही. पण चॅट नसलं म्हणजे टोमणे संपले असं नाही. हार्थस्टोन या पत्त्यांच्या ऑनलाइन गेममध्ये विरोधकाशी बोलायला मोजके तयार उद्गारच होते, तरी लोक ‘सॉरी’ इतकं खोचक वापरू लागले की ते काढून ‘वॉव’ आणावं लागलं. मग ‘वॉव’ही खोचक झालं!

यादीत नवा शब्द घालण्याआधी तो मागच्या आठवड्याच्या चॅटवर चालवून पाहा आणि सापडलेल्या पहिल्या दोनशे ओळी डोळ्यांनी वाचा. शंभरात पाचाहून जास्त निरपराध निघाल्या, तर तो शब्द चांदण्यांसाठी वापरू नका, फक्त तपासणीच्या रांगेत पाठवा. खेळाडूंची आणि संघांची नावं मात्र याहून कडक चाळणीतून काढा. मेसेज वर सरकून जातो, नाव सामना संपेपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं.