जोर, तेल आणि पोटरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मालिशच्या प्रकारांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: तालमीतली मालिश मी एका ओळीत गुंडाळली. ‘मालिशनं लॅक्टिक अॅसिड (मेहनतीत स्नायूंत तयार होणारं आम्ल) निघून जातं’ हे चूक म्हणून पैलवानांचा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव उडवून लावला. आणि ‘जोर लावल्याबिगर नस मोकळी हुतच नाही’, हे लेखात कुठेच आलं नाही. वर अभ्यंग काय नि स्वीडिश काय, सगळं एकच, नावं फक्त पैसे काढायला, असंही तुम्ही म्हणता.

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. गंगावेश, मोतीबाग या तालमी ज्या कोल्हापुरात आहेत तिथं ‘तालमीत अंगाला तेल चोळतात’ एवढंच लिहून मोकळं होणं म्हणजे तांबड्या रश्श्याला लाल पाणी म्हणण्यातलाच प्रकार.

लॅक्टिक अॅसिडचं मात्र तसं नाही. मेहनत थांबली की रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे त्याच आम्लाचं रूप, साधारण तासाभरात आपोआप खाली येतं. बसून न राहता हळू चालत राहिलात तर आणखी लवकर. अंग धरतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, 24 ते 72 तासांत. तासाभरात गेलेली वस्तू परवा कशी दुखवेल? बैठक मारताना खाली जातो तेव्हा मांडीचा स्नायू लांबत असतानाच भार पेलतो. त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात, तिथं सूज येते, ते हे दुखणं. मालिशनं ते काही प्रमाणात हलकं होतं, त्यामुळे तुमचा अनुभव खराच आहे. मी खोडलं ते फक्त त्याचं सांगितलं जाणारं कारण.

आता जोर. पोटरीचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. माणूस पालथा झोपवा आणि घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या, म्हणजे गुडघा थोडा वाकतो आणि पोटरी सैल पडते. गुंडाळी न देता ताणलेल्या पोटरीवर दाब देणारा निम्मी ताकद वाया घालवतो. तेल कोमट हवं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. एका पोटरीला चहाचे दोन चमचे पुरे. जास्त ओतलं की हात घसरतो, पकड येत नाही, मग मालिश करणारा आणखी रेटतो आणि दुसऱ्या दिवशी काळेनिळे डाग उठतात.

पहिली दोन-तीन मिनिटं घोट्याकडून गुडघ्याकडे लांब हात, दाब वर जाताना, परत येताना नुसता स्पर्श. मग भाकरीचं पीठ मळतो तसं तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं मळायचं. त्यात कुठे गाठीसारखं लागलं तर अंगठा तिथं ठेवून थांबायचं, 30 ते 60 सेकंद. दुखणं दहापैकी पाच-सहापर्यंत चालेल. समोरच्यानं श्वास रोखला किंवा पायाची बोटं आवळली, की दाब जास्त झाला. दुखवलेला स्नायू स्वतःला वाचवायला आकसतो, आणि आकसलेल्या स्नायूवर जोर म्हणजे बंद दाराला धडका. अंगठ्याखाली जी दोरी लागते ती बहुतेक वेळा नस नसतेच, ताठरलेल्या स्नायूची पट्टी असते. खरी नस, म्हणजे मज्जातंतू, दाबली गेली तर मुंग्या येतात, तिथून हात लगेच काढायचा. गुडघ्यामागच्या खळग्यात तर अंगठा घालूच नये, तिथून मोठी रक्तवाहिनी आणि नस वरवरच जातात.

‘सगळं एकच’ हे मात्र पटत नाही. अभ्यंगात तेल मुख्य: सांध्यांवर गोल हात, लांब हाडांवर लांब हात, सर्वांगाला सौम्य दाब. आयुर्वेदाचार्य वाग्भटांनी डोकं, कान आणि पाय यांवर विशेष भर द्यायला सांगितलं आहे, आणि अजीर्ण असताना अभ्यंग टाळायलाही. स्वीडिशमध्ये तेल फक्त हात सरकण्यापुरतं, काम लांब हात, मळणं, घासणं, थोपटणं यांचं. (नाव स्वीडनचं असलं तरी त्या हातांना आजची फ्रेंच नावं चिकटली ती मेझगर या डच डॉक्टरामुळे.) थाई मालिशला तेलच लागत नाही, कपड्यांसकट चटईवर ताण देतात, 2019 मध्ये ती युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. खोल दाबाची मालिश जुन्या, एकाच जागी धरलेल्या पाठीसाठी बरी. कुस्तीच्या तोंडावर ती नको, अंग सैल पडतं. तेव्हा हलके, भरभर हात पुरतात, आणि तेल पुसून काढायचं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ‘लचकल्याबरोबर चोळलं तर काय बिघडतं?’ आत रक्त साकळत असताना चोळलं तर ते आणखी पसरतं. मांडीवर जोराचा मार बसला असेल आणि तो ताजाच रगडला, तर स्नायूत हाडासारखा कठीणपणा धरण्याचा धोका वाढतो. पहिले दोन-तीन दिवस त्या जागेला हात लावू नका. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, मार नसताना दुखायला लागली, तर ती शिरेतली गुठळी असू शकते. तिथं हलकी मालिशसुद्धा नको, त्याच दिवशी डॉक्टर. ही ओळ मूळ लेखात अगदी तळाला होती, आज वर घेतली आहे.