यीस्टवर पद्धती का फसतात, आणि तरी जीनी-३ कशासाठी

जीनी-३ म्हणजे एमआरएनएच्या (चालू जनुकाच्या प्रतीच्या) मोजमापांवरून कोणतं जनुक कोणाला चालवतं याचं जाळं काढणारी पद्धत. तिच्यावरचा तुमचा आक्षेप थोडक्यात असा: तिच्यातलं रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-झाडांचं एकत्रित मत) म्हणजे नुसता थाट, साध्या पिअरसन सहसंबंधातूनही (दोन जनुकं किती एकत्र वरखाली होतात याच्या मापातूनही) तेच जाळं निघतं, आणि यीस्टवर सगळ्याच पद्धती आपटल्या, मग हे शिकवायचं कशाला? यीस्टचा मुद्दा खरा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

अशा पद्धतींची तुलना करणाऱ्या ड्रीम-५ स्पर्धेच्या निकालांत (२०१२) ई. कोलाय या जिवाणूवर बऱ्यापैकी यश दिसलं, यीस्टवर मात्र अंदाजपंचे उत्तरांपेक्षा फारसं बरं काही नाही. यात गणितापेक्षा मोजमापाचा दोष मोठा. गॅल-४ बघा, गॅल-१सारखी गॅलॅक्टोज पचवणारी जनुकं चालू करणारं प्रथिन. रॅफिनोज या साखरेवर वाढणाऱ्या यीस्टमध्ये हे प्रथिन डीएनएवर आधीच बसलेलं असतं, पण गॅल-८० हे दुसरं प्रथिन त्याला दाबून धरतं. गॅलॅक्टोज आलं की गॅल-३ हे तिसरं प्रथिन त्या गॅल-८०ला अडकवतं, गॅल-४ मोकळं होतं आणि गॅल-१चा एमआरएनए शेकडो पटींनी चढतो. या सगळ्यात गॅल-४चा स्वतःचा एमआरएनए जेमतेम हलतो. जे हललंच नाही, त्याचा दुवा कुठला अल्गोरिदम शोधणार?

ई. कोलायमध्ये पुष्कळ टीएफ (जनुकं चालू-बंद करणारी गॅल-४सारखी प्रथिनं) स्वतःच्या जनुकावरही नियंत्रण ठेवतात, त्यामुळे एमआरएनएमध्ये खूण उमटते. पण ती कधी उलटी उमटते. लेक्सए हा रेकए या जनुकाला दाबणारा टीएफ. डीएनए तुटला की लेक्सए प्रथिन स्वतःला चिरतं, दाब सुटतो, आणि रेकएबरोबर लेक्सएचा एमआरएनएही वाढतो, कारण तो स्वतःलाही दाबत होता. सहसंबंध धन येतो. दुवा बरोबर, चिन्ह (धन म्हणजे चालू करणं, ऋण म्हणजे दाबणं) चूक. जीनी-३ चिन्ह देतच नाही, आणि ते पिअरसनवरून चिकटवण्याची सवय इथेच नडते.

आता पिअरसन. अ → ब → क अशी साखळी असेल तर पिअरसन अ–क दुवाही ठळक दाखवतो. जीनी-३मध्ये प्रत्येक लक्ष्य जनुकासाठी सगळे टीएफ एकाच मॉडेलमध्ये स्पर्धा करतात, त्यामुळे ब असताना अ सहसा मागे पडतो. ड्रीम-५मध्ये हेच दिसलं: साखळ्यांवर रिग्रेशनवाल्या (इतरांवरून लक्ष्याचा अंदाज बांधणाऱ्या) पद्धती सरस, तर फीड-फॉरवर्ड लूपवर (अ हा ब आणि क दोघांनाही चालवतो, आणि ब हा क ला) सहसंबंध आणि म्युच्युअल इन्फर्मेशनवाल्या (एकावरून दुसऱ्याबद्दल किती कळतं हे मोजणाऱ्या). म्हणजे ‘तेच मिळतं’ हे बरोबर नाही. मात्र दोन टीएफ एकत्रच वरखाली होत असतील तर फॉरेस्ट महत्त्व (प्रत्येक टीएफला दिलेले गुण) दोघांत वाटून टाकतं आणि दोघेही यादीत खाली जातात, हे मान्य.

तुम्ही न उचललेला दोष मला जास्त खुपतो. जीनी-३ लक्ष्य जनुकाचं विचरण (मूल्यांचा पसारा) १ वर आणतं आणि झाडं छाटत नाही. परिणामी प्रत्येक जनुकाच्या महत्त्वांची बेरीज १ च्या आसपासच येते, त्या जनुकात निव्वळ गोंगाट असला तरी! यादीतला ०.०५ म्हणजे संभाव्यता नव्हे. आधी प्रत्येक जनुकाचा आउट-ऑफ-बॅग आर-वर्ग (झाडांनी न पाहिलेल्या नमुन्यांवर अंदाज किती जमतो) काढा. शून्याजवळ किंवा ऋण असेल तर त्याचे सगळे दुवे टाकून द्या. बॅच इफेक्ट (प्रयोगशाळा किंवा प्रयोगाची वेळ बदलल्यानं येणारा खोटा फरक) त्याही आधी काढून टाका, नाहीतर एकाच प्रयोगशाळेच्या मोजमापाच्या चिपा हाच सगळ्यात मोठा ‘नियंत्रक’ ठरतो.

तुलना करायचीच तर पिअरसन आणि जीनी-३ दोन्हींना टीएफची एकच यादी द्या आणि आरओसी (खऱ्या आणि खोट्या दुव्यांच्या प्रमाणांचा आलेख) बाजूला ठेवा. ड्रीम-५च्या ई. कोलाय संचातले ३३४ टीएफ आणि साधारण ४,५०० जनुकं म्हणजे १५ लाख जोड्या. त्यातल्या १ टक्का चुकून वर आल्या तरी १५ हजार खोटे दुवे, आणि आरओसीवर ते डाव्या कडेला चिकटलेले, दिसतही नाहीत. वरचे १०० दुवे घ्या, रेग्युलॉनडीबीशी (ई. कोलायच्या माहीत असलेल्या दुव्यांच्या संग्रहाशी) ताडा, आणि किती जुळले ते इथेच टाका.