वाशिष्ठीवरची नाईल

आमचे साडू विलासराव इजिप्तमधली लक्झर-आस्वान क्रूझ करून आले, तेव्हापासून नळाखाली बादली भरताना पाहिली तरी त्यांना नाईल आठवते. वाटेतल्या एडफूचं देऊळ इ.स.पूर्व 237 मध्ये बांधायला घेतलं आणि 57 मध्ये पुरं झालं, हे त्यांनी चिपळूणला आमच्या पानावर बसून सांगितलं. "180 वर्षं!" म्हटलं, आमच्या मुंबई-गोवा महामार्गाला अजून बराच वाव आहे.

मग निघालं की आमची वाशिष्ठी नदी काय कमी आहे? नाईलला आस्वानचं धरण, तर हिला कोयनेचं. वीज करून सोडलेलं पाणी हिच्यातच येतं. दाभोळला चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ. ठरलं, लाँच करायची. 'आयटिनररी' व्हॉट्सअॅपवर आली. त्यात 'ब्रेकफास्ट ऑन डेक' होता. डेक म्हणजे दोन फळ्या, आणि ब्रेकफास्ट म्हणजे सासूबाईंची साबुदाण्याची खिचडी, कारण एकादशी.

लाँचच्या तांडेलाने आयटिनररी पाहिलीच नाही. त्याने भरतीच्या हिशोबासाठी तिथी विचारली. "अकराची पाऊणपट, सव्वाआठ. सव्वाआठला भरली, आता उतरतंय पाणी. बिगी बसा." विलासरावांना वाटलं, हा भाडं सांगतोय. ते घासाघीस करत राहिले आणि निघेपर्यंत साडेदहा वाजले.

बाराच्या सुमारास लाँच गाळात बसली. बसली म्हणजे अगदी मांडी घालून बसली. तांडेलाने इंजिन बंद केलं, विडी पेटवली आणि म्हणाला, "पाचच्या सुमाराला उठेल."

"उतरून ढकलू या," विलासराव म्हणाले. तांडेलाने नुसती हनुवटी वर केली. समोर चिखलावर एक मगर तोंड उघडून ऊन खात होती. दात बारीक, पिवळट, एकाआड एक. गळ्याखालची कातडी हलत होती तेवढीच. विलासराव मधल्या फळीवर सरकले, पण बोलणं थांबलं नाही. कोम ओम्बोला मगरदेव सोबेकचं देऊळ आहे, शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी ठेवल्यात, वगैरे.

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे मेलेली सुसर बघायला तिकीट काढलंत?"

पुढचा तासभर नाईलचं नाव निघालं नाही.

दाभोळला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. नाईलवर म्हणे चार-पाच बोटी एकीला एक लावून बांधतात, आणि काठावर यायला दुसऱ्यांच्या बोटींच्या रिसेप्शनमधून, झुंबरांखालून चालावं लागतं. इथेही तसंच, फक्त झुंबरांच्या जागी ओली जाळी. सासूबाई एकादशीच्या दिवशी बांगड्याच्या टोपल्या ओलांडत, नऊवारी गुडघ्यापर्यंत धरून, तीन मचव्यांवरून आमच्या सगळ्यांआधी धक्क्यावर उतरल्या.

गुहेत विजेचा दिवा नाही, फक्त समया. वाकून, भिंतीला हात लावत जायचं. विलासरावांनी मोबाईलची बॅटरी लावली. "ती विझवा," आतून आवाज आला. त्यांनी विझवली आणि पुढच्याच पावलाला कपाळ कातळावर आपटलं. फेरॉसारखा ताठ चालणारा माणूस देवीपुढे कधी नव्हे तो कंबरेत वाकला.

बाहेर आल्यावर ते आधी एसटीची वेळ विचारत सुटले. तांडेल पाठोपाठ होताच.

"एसटी कशाला? रात्री पावणेनवाला परत भरतेय की!"