'विदर'मध्ये ऊन नव्हे, हवा आहे

एका लेखात 'विदर' (wither) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'उन्हानं करपणं' असा दिलाय, तो पटला नाही. १४व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत दिसणारं हे रूप बहुधा 'वेदर'मधूनच, म्हणजे हवामानावरूनच फुटलेलं. उघड्या हवेत राहून सुकत जाणं, हा त्यातला गाभा.

आमच्या तासगावकडचा बेदाणाच बघा ना. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल (त्यासाठीचं खास तेल) घातलेल्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. वर सावली, बाजूंनी वारा. साधारण १५-२० दिवसांत मणी सुरकुततो, पण हिरवट राहतो. थेट उन्हात तोच काळपट पडतो. याला करपणं कोण म्हणेल? आणि अवकाळी ढग आले की सुकणंच थांबतं, मग शेतकऱ्याच्या जिवाला घोर.