नुसता ‘0.4’ सांगून काय उपयोग?
व्हॅलोरंट या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये नेम सुधारायचा असेल तर सेन्सिटिव्हिटी (माउस हलवला की खेळातली नजर किती वळावी हे ठरवणारा आकडा) 0.4 ठेवावी, असा सल्ला छातीठोकपणे देणाऱ्या मंडळींना माउसचा डीपीआय (एक इंच सरकला की माउस किती टप्पे मोजतो तो आकडा) विचारला की ती चक्क गप्प बसतात, आणि या प्रकाराचा मला आता मनापासून वैताग आला आहे. अहो, डीपीआय 800 असेल तर त्या 0.4 वर पूर्ण गिरकी घेण्यासाठी माउस सुमारे 41 सेंटिमीटर सरकवावा लागतो. 1600 असेल तर तीच गिरकी निम्म्या अंतरात होते, म्हणजे कोपऱ्यातून निघालेल्या शत्रूच्या डोक्यावर क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, न्यायला जावे तर ती खूण पलीकडच्या भिंतीवर जाऊन थडकते. वर हाच आकडा काउंटर-स्ट्राइक या दुसऱ्या नेमबाजीच्या गेममध्ये जसाच्या तसा भरायला सांगणारे महाभागही भेटतात. तिथली मोजपट्टीच निराळी असून 0.4 ला 3.18 ने गुणून साधारण 1.27 ठेवावे लागते, हे त्यांच्या गावीही नसते. बरे, हा आकडा बहुधा कुणा व्यावसायिक खेळाडूचा उचललेला असतो. त्याच्यापुढे ऐसपैस टेबल आणि भलामोठा माउसपॅड असतो. सल्ला घेणारा बिचारा मात्र कीबोर्डशेजारी उरलेल्या वीतभर जागेत माउस उचलून-उचलून ठेवत बसतो, आणि नेम चुकला की त्यालाच ‘सराव कमी पडतो’ असे ऐकवले जाते! सराव कशाचा करायचा, माउस उचलण्याचा?