राष्ट्रगीत न गाणाऱ्या विद्यार्थ्याविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

'राष्ट्रगीत न गाणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेतून काढता येते' हा पालकांच्या गटांत फिरणारा संदेश चुकीचा आहे. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, मात्र धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात ११ ऑगस्ट १९८६ रोजी ती कारवाई संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि २५ (धर्मस्वातंत्र्य) चा भंग ठरवून त्यांना पुन्हा प्रवेश द्यायला सांगितले. निकालपत्र मी स्वतः वाचले आहे. राष्ट्रीय प्रतीकांचा अपमान रोखण्यासाठीच्या १९७१ च्या कायद्यानुसार राष्ट्रगीत जाणूनबुजून रोखणे किंवा त्यासाठी जमलेल्यांत व्यत्यय आणणे हा गुन्हा आहे, शांतपणे उभे राहणे नव्हे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका.