"नेटवर्कला आकार आपोआप कळतो", खरंच का?

फोटोतली वस्तू तिच्या आकारावरून ओळखण्याबद्दल, म्हणजे शेप मॅचिंगबद्दल, एक मेसेज सगळीकडे फिरतोय: "शेप मॅचिंग संपलं, न्यूरल नेटवर्कला आकार आपोआप कळतो, जुन्या पद्धती वस्तू जरा फिरवली की गडबडतात, नाहीतरी त्या म्हणजे एक चित्र दुसऱ्यावर ठेवून बघणं." हे वाचून नवीन शिकणारे काँटूरचा, म्हणजे वस्तूच्या कडेच्या रेषेचा, धडाच सोडून देतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आपोआप कळतो म्हणे. 2019 मध्ये गेयरहोस आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या फोटोवर हत्तीच्या कातडीचं टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागाचा पोत, चढवलं. आकार अख्खा मांजराचा, कुणीही बघून मांजरच म्हणेल, पण इमेजनेट या फोटोंच्या मोठ्या संग्रहावर ट्रेन केलेलं रेझनेट-50 हे न्यूरल नेटवर्क म्हणालं हत्ती! टेक्श्चर मुद्दाम बदललेल्या फोटोंवर ट्रेन केल्यावर ते आकाराकडे बघायला लागलं, म्हणजे आपोआप काही झालं नाही, शिकवावं लागलं.

फिरवल्यावर गडबडतात हे तर साफ चूक. हू या संशोधकांनी 1962 मध्येच 7 मोमेंट दिले, म्हणजे अख्ख्या आकारावरून काढलेले 7 आकडे; वस्तू सरकवा, फिरवा, लहानमोठी करा, ते जवळपास तेच राहतात. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीतलं मॅचशेप्स हे फंक्शन आजही त्यावरच चालतं. उलट अडचण वेगळीच आहे, बऱ्याच फाँटमध्ये 6 उलटा केला की 9 होतो आणि मग मोमेंटना दोन्ही सारखेच.

आणि "चित्रावर चित्र" म्हणणाऱ्यांनी शेप कॉन्टेक्स्ट ही पद्धत एकदा नीट बघावी, बेलोंगी, मलिक आणि पुझिचा यांचं 2002 चं काम. आकाराच्या कडेवर साधारण शंभर बिंदू घ्यायचे, मग प्रत्येक बिंदू नोंद ठेवतो की बाकीचे आपल्यापासून कुठल्या दिशेला आणि किती लांब आहेत, जवळच्यांची नोंद बारीक, लांबच्यांची ढोबळ. मग दोन आकारांतल्या बिंदूंच्या अशा जोड्या लावायच्या की एकूण फरक सगळ्यात कमी येईल. वाकडातिकडा लिहिलेला आकडासुद्धा यात जुळतो, आणि कुठला बिंदू कुठे गेला हेही हातात मिळतं, नुसतं लेबल नाही. मला तर ही कल्पना अजूनही फार सुंदर वाटते.

मेसेजमध्ये नसलेला पण खरा मुद्दा एकच: वस्तू अर्धी झाकलेली असेल किंवा मागे पसारा असेल तर मोमेंट कोलमडतात, कारण ते अख्ख्या आकारावर काढलेले असतात. तिथे नेटवर्ककडून मास्क, म्हणजे फोटोतले कुठले पिक्सेल वस्तूचे आहेत ते, घ्या, त्याचा काँटूर काढा, आणि वस्तू नेमकी किती अंशात फिरलीये ते त्या काँटूरवरून मोजा.